उघडीप

भुजंग शेलार विद्यापीठात शिकायला आला आणि पहिल्याच दिवशी त्याने सरांचा हात मोडला.

मोडायचं त्याच्या मनातही नव्हतं. सेतू वर्गाचा तास चालू होता. शाळा अर्धवट सुटलेली, मग कुठे कामाच्या जागी, कुठे तुरुंगात, कुठे पोरांच्या पुस्तकांवर अभ्यास करून बारावी झालेली माणसं पदवीच्या वर्गात टिकावीत, म्हणून आमणगावच्या विद्यापीठाने हे एक वर्ष सुरू केलं होतं. चाळिशी-पन्नाशीची माणसं बाकांवर अंग चोरून बसली होती. भुजंग मान खाली घालून फळ्यावरचं एकेक अक्षर वहीत कोरत होता. वर्ग घेणारे निनाद मगदूम सर तिशीचे, सडपातळ, नव्या उत्साहाचे. ते बाकांमधून फिरत मागून आले आणि कौतुकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान चाललंय."

पुढचं भुजंगला कळलंच नाही. कळलं तेव्हा सर टेबलावर उताणे पडले होते. त्यांचा उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता आणि भुजंगचा अंगठा त्यांच्या नरड्यात रुतला होता. सरांचे डोळे पांढरे होत होते.

"सोड! मास्तर हाय त्यो, मुडद्या, सोड!"

पाठीत काहीतरी दाणकन बसलं. मागच्या बाकावरच्या सुगंधा ऐवळेने आपला स्टीलचा डबा दोन्ही हातांनी त्याच्या मणक्यावर हाणला होता. भुजंगने हात काढला. सर घरघरत श्वास घेऊ लागले. भुजंग स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

त्या हाताचा एक इतिहास होता. पंचवीस वर्षांपूर्वी कृष्णेच्या पात्रातून वाळू उपसणाऱ्या अप्पाने भुजंगला तालमीतून उचललं होतं. घाटावर दुसऱ्या टोळीचं पोर दिसलं की त्याला भुजंगच्या हवाली करायचं. गाड्या अडवणाऱ्यांनाही त्याच्याच हवाली करायचं. सरकारने नदीवर टेहळणीची ड्रोनं सोडली, तेव्हा ती उडवणाऱ्या माणसांची बोटं मोडायचं कामही त्याच्याकडेच आलं. शेवटी एका तलाठ्याचा पाय त्याने ट्रकच्या जॅकखाली घालून चिरडला. तलाठी जगला, पाय गेला. भुजंगला शिक्षा झाली. अप्पाला काही झालं नाही.

तुरुंगात वेळ जात नाही म्हणून तो वाचायला बसला. भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ होती, की डोंगरातल्या खडकाची वाळू होऊन ती नदीकाठी यायला हजारो वर्षं लागतात. ती ओळ वाचून तो रात्रभर जागा राहिला होता. एवढी हजारो वर्षं आपण ट्रकात भरून विकली. तेव्हापासून त्याला भूशास्त्र शिकायचं होतं. का, ते त्याला नीट सांगता येत नसे.

आता मात्र तो सामान बांधूनच बसला होता. दुसऱ्या दिवशी गळ्यावर काळेनिळे वळ आणि हाताला प्लास्टर घेऊन मगदूम सर त्याच्या वसतिगृहाच्या खोलीवर आले. या वेळी त्यांनी दारातूनच आवाज दिला.

"भुजंगराव, येऊ का आत?"

"पोलीस कुठं हायत?"

"मी तक्रार केली नाही."

"का?"

"तुम्हाला हाकललं तर हा हात उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी नरड्यावर जाईल. माझं नरडं तरी आता ओळखीचं झालंय." सर हसायला गेले आणि खोकले. "माझ्याबरोबर एका ठिकाणी येता का?"

ते ठिकाण म्हणजे डॉ. यास्मीन मुजावर यांची प्रयोगशाळा. डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, केस आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी भुजंगला समोर बसवलं आणि एका पडद्यावर मेंदूतली एक पेशी दाखवली. पेशीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतं.

"लहान पोर भाषा कशी शिकतं? कुणी व्याकरण शिकवतं का त्याला? नुसतं ऐकतं आणि बोलायला लागतं. कारण त्याच्या मेंदूतल्या पेशींची जोडणी अजून ओली असते. जे समोर येईल तशी ती वळते. मग वय वाढतं, तशी पेशींभोवती ही जाळी बसते. साखर आणि प्रथिनं यांची बनलेली असते. सिमेंट सुकावं तशी घट्ट होते. ती बसली की शिकलेलं टिकतं, पण नवं शिकणं अवघड होतं. तुमच्या वर्गातली माणसं मठ्ठ नाहीत. सलग तासभर वाचणं, वाचलेल्याचा मुद्दा काढणं, टिपणं घेणं, प्रश्न विचारणं या सवयी ज्या वयात बसतात, त्या वयात ती दुसरीकडे राबत होती."

"मग?"

"आम्ही ती जाळी थोड्या दिवसांसाठी सैल करतो. एक विकर आहे, जाळी विरघळवणारं. ते सूक्ष्म बुडबुड्यांत भरून शिरेतून सोडायचं. डोक्यावर टोप चढवायचा आणि ध्वनिलहरींनी ते बुडबुडे मेंदूत हव्या त्याच जागी फोडायचे. दुखत नाही. पुढचे काही आठवडे तुमचा मेंदू पाच वर्षांच्या पोरासारखा ओला राहतो. मग जाळी पुन्हा बसते."

गेल्या वर्षीच्या वर्गाने या आठवड्यांना नाव ठेवलं होतं, उघडीप. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडावं आणि तेवढ्यात पेरणी उरकून घ्यावी, तसं.

"यात माझ्या हाताचं काय?" भुजंगने विचारलं.

"भीती आणि झडप, दोन्ही त्याच जाळ्यांत घट्ट बसलेली असतात. आणखी एका जागी बुडबुडे फोडले तर तीही सैल होतील. मग खांद्यावर हात पडला म्हणजे मारायला आलं, हे तुमच्या मेंदूला विसरायला लावता येईल." बाई पुढे झुकल्या. "पण नीट ऐका. चांगलं जेवढ्या वेगाने बसतं, तेवढ्याच वेगाने वाईटही बसतं. तुमचं लक्ष ज्यावर असेल ते कोरलं जातं, आणि जाळी बसली की ते आयुष्यभर राहतं. म्हणून आवार सोडायचं नाही, दारू नाही, जुनी संगत नाही. एखादी मारामारी झाली ना, शेलार, तर तुम्ही पूर्वी होता त्यापेक्षा भयंकर माणूस व्हाल. मग माझ्याकडे उपाय नाही. तीच जागा दुसऱ्यांदा उघडता येत नाही."

भुजंगने सही केली.

बाई काही उगाच घाबरवत नव्हत्या, हे सगळ्यांना लवकरच दिसलं. वर्गात केरबा नावाचा पन्नाशीचा माणूस होता, गंमत्या, दिवसभर कुणाची तरी नक्कल करणारा. उघडीप सुरू झाल्यावर तो नियम मोडून गावी गेला. बांधावरून भावाशी जुंपली. भावाने त्याला शेतात पाडून काठीने बडवला, गुरासारखा. तो परत आला तेव्हा दोन दात पडले होते आणि कान फाटला होता. जखमा भरल्या, पण कुणी फळा पुसायला हात उचलला तरी केरबा बाकाखाली जाऊ लागला. बाईंनी त्याला तपासून मान हलवली. जाळी बसत आली होती. केरबा वर्ग सोडून गेला. फाटकातून बाहेर पडताना पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकला, तर तो डोकं धरून खाली बसला. भुजंगने हे खिडकीतून पाहिलं.

बाकी दिवस मात्र असे गेले, की भुजंगला स्वतःचाच हेवा वाटावा. मगदूम सर डाव्या हाताने फळ्यावर वाकडंतिकडं लिहीत. त्यांची पद्धत साधी होती. एक परिच्छेद वाचा, पुस्तक बंद करा, शेजारच्याला सांगा. शेजारच्याने विचारायचं, कशावरून? भुजंगच्या शेजारी सुगंधा होती. प्रसूतिगृहात आया म्हणून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. दारुडा नवरा सोडून ती आली होती आणि तिला परिचारिकेची पदवी हवी होती. तिचं "कशावरून?" वर्गभर गाजलं.

"नदीचं पात्र खोल गेलं की विहिरी आटत्यात," भुजंग म्हणे.

"कशावरून?"

"हितं लिवलंय."

"लिवणाऱ्याला कशावरून कळलं? त्यो आकडा दाव की."

आधी पानभर मजकूर म्हणजे त्याला काट्यांचं रान वाटे. आता पायाखाली वाट सापडल्यासारखं होऊ लागलं. सर्वांत अवघड गोष्ट निराळीच निघाली. "मला हे कळलं नाही," असं भर वर्गात उभं राहून म्हणणं. घाटावर ज्याने असं म्हटलं तो संपला. पहिल्यांदा तो बाकाला धरून म्हणाला. आठवड्याभरात तो दिवसातून दहा वेळा म्हणू लागला आणि त्याची मजा वाटू लागली.

आणि रोज दुपारी, प्रयोगशाळेत टोप चढवून झाला की मगदूम सर मागून येत आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत. पहिले काही दिवस त्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधावं लागलं. हात पडला की अख्खी खुर्ची उडायची. एकदा पट्टा तुटून त्याचं कोपर सरांच्या बरगडीत बसलं आणि सर दिवसभर वाकून चालले. तरी दुसऱ्या दिवशी आले. हळूहळू अंग नुसतं ताठ होऊ लागलं. मग तेही थांबलं. एक दिवस हात पडला आणि भुजंग शांतपणे म्हणाला, "सर, हात गार हाय तुमचा. च्या घेऊन या जावा."

सर हसता हसता खाली बसले. भुजंगला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याने खोलीत जाऊन मूठ आवळून बघितली. मूठ आवळली गेली, पण तिच्यात काही नव्हतं. कवच काढलेल्या कासवासारखं त्याला वाटलं.

त्याच सुमाराला धैर्यशील आला.

धैर्यशील म्हणजे भुजंगचा मुलगा. भुजंग तुरुंगात असताना बायको वारली आणि पोर अप्पाच्या वाड्यावर वाढलं. आता बावीस-तेवीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, उजव्या भुवईवर खोक. विद्यापीठाच्या उपाहारगृहात तो समोर येऊन बसला. चहा मागवला, प्यायला नाही.

"पप्पा, अप्पांनी बोलावलंय."

"मी तिकडं येणार न्हाई, धैर्या."

"मारायचं न्हाई कुणाला. पलीकडच्या टोळीनं आपला घाट घेतलाय. तुमी नुस्तं काठावर उभं ऱ्हायचं. भुजंग आला म्हटलं की निम्मी पळत्यात."

"आता त्यो भुजंग ऱ्हायला न्हाई."

"कसं काय न्हाई?"

भुजंगने त्याला समजेल तसं सांगितलं. जाळी, बुडबुडे, खांद्यावरचा हात. धैर्यशीलचा चेहरा ऐकता ऐकता बदलत गेला. वाकून तो दबक्या आवाजात म्हणाला, "म्हंजी तुमाला आता कुणीबी मारू शकतं?" आणि बाप काही बोलायच्या आत त्याने टेबलावरून हात फिरवून एक सणसणीत थोबाडीत दिली.

भुजंगचा ओठ फुटला. त्याचा हात वर आलाच नाही. तो गोंधळून मुलाकडे बघत राहिला.

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "खरंच की. काय करून घेतलंसा हे? मला ट्रकच्या बॉनेटवर बसवून दावलं हुतं तुमी. त्या तलाठ्याचा पाय मोडताना. मी वरडायला लागलो, तर मला ठेवून दिली. बघ म्हणालासा, डोळं मिटू नगंस, हे शिक. शिकलो न्हवं मी? आता तुमीच इसरून बसलासा?"

तो निघून गेला. जाताना म्हणाला, अप्पा नाही ऐकायचे, उचलून न्यायला लावतील.

भुजंग तोंड न धुताच डॉक्टरबाईंकडे गेला. बाईंनी आधी घाईघाईने टोप चढवून त्याला तपासलं. त्याचं लक्ष भलतीकडे होतं.

"मॅडम, पाच वर्षाच्या पोराची उघडीप असतीया म्हणालासा. कुणी न करता."

"हो."

"त्या वयात त्याला मी जे दावलं ते..."

बाईंनी कापूस ओला करून त्याच्या हातात दिला.

"त्याला हितं आणलं तर?"

"स्वतःहून आला तर. ओढून आणलेल्या माणसावर हे करत नाही. ओढून आणलं, हेच बसेल त्याच्यात." मग त्या म्हणाल्या, "शेलार, तुमची जाळी अजून बसलेली नाही. मी पोलिसांना कळवते. तुम्ही खोलीतून हलू नका."

पोलीस आले, फाटकावर दोन दिवस बसले आणि दुसऱ्या बंदोबस्ताला गेले.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या विषयावर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. भुजंगचा विषय होता नदीचं पात्र. सकाळची वेळ होती. तो, सुगंधा आणि मगदूम सर सभागृहाकडे जाणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होते. भुजंग ओठांतल्या ओठांत पहिली वाक्यं घोकत होता. जिन्यावरून तिघे वर आले. पुढे धैर्यशील, मागे घाटावरची दोन माणसं. तिघांच्या हातांत लोखंडी गज.

"पप्पा, गाडीत बसा."

"भाषण हाय माजं," भुजंग म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

मगदूम सर मध्ये आले. "हे बघा, इथे तुम्हाला..." पुढचं वाक्य झालं नाही. गज त्यांच्या नुकत्याच जुळलेल्या हातावर बसला. काटकी मोडावी तसा आवाज आला. दुसऱ्या फटक्याने ते जिन्यावरून घरंगळत गेले आणि खालच्या वळणावर डोकं आपटून निपचित पडले. पायरीवर रक्ताचा ओघळ उतरू लागला.

सुगंधा किंचाळली नाही. तिने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचकटलं आणि मागच्या दोघांतल्या एकाच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला. तिने पुन्हा घातलं, त्याच्या जबड्यावर. दात फरशीवर सांडले. तिचीही उघडीप चालू होती, हे भुजंगच्या ध्यानात आलं. लहान पोराला पहिल्यांदा सायकल जमावी, तसे तिचे डोळे चमकत होते. तिने तिसऱ्यांदा नळकांडं उचललं, तेवढ्यात दुसऱ्याचा गज तिच्या कानशिलावर बसला आणि ती कठड्यापाशी लोळली.

धैर्यशीलचा गज वर गेला होता. तो तिच्या डोक्याच्या रोखाने खाली येणार होता.

हे सगळं श्वासभरात झालं, पण भुजंगला ते स्वच्छ दिसत होतं, पुस्तकातल्या आकृतीसारखं. मुलाचं नरडं उघडं होतं. तिथे कोपर घातलं तर एका फटक्यात काम होईल. झडप गेली होती, पण ताकद होती आणि कुठे मारायचं ते माहीत होतं. मारलं की ते बसेल, कायमचं. न मारता नुसतं मध्ये पडलो आणि मार खाल्ला, तर तोही बसेल. केरबासारखं बाकाखाली आयुष्य जाईल. दोन्हीकडे खड्डा होता. तुमचं लक्ष ज्यावर, ते कोरलं जातं.

तो पुढे झाला आणि त्याने धैर्यशीलला मिठी मारली.

दोन्ही हातांसकट आवळून धरला, गजासकट. तालमीत कमावलेली ती मिठी होती. तिच्यातून बैलही सुटला नसता. त्याने मुलाला भिंतीशी नेऊन दाबला आणि सुगंधाकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या माणसाचा गज त्याच्या पाठीवर बसला. मग बरगड्यांवर. पुन्हा तिथेच. आत काहीतरी तुटलं आणि तोंडात रक्त आलं.

"सोडा पप्पा!" धैर्यशील ओरडत होता, लाथा झाडत होता, त्याच्या खांद्याला चावत होता. "सोडा, न्हाईतर मरशीला!"

भुजंगने पाठ विसरायचं ठरवलं. ते काम फार कठीण होतं. पण गेले कित्येक दिवस तो तेच तर शिकत होता. आजूबाजूला काहीही होवो, एका ओळीवर लक्ष ठेवायचं, निसटलं तर परत आणायचं. त्याने मुलाच्या मानेत नाक खुपसलं. घाम, डिझेल, आणि त्याच्याखाली कुठेतरी एक जुना वास. जन्मल्यावर दाईने हातात दिलं होतं तेव्हाचा. गज बसला. लक्ष निसटलं. त्याने ते परत आणलं. हे माझं पोर. याचं काळीज किती जोरात पळतंय. गज बसला. हे माझं पोर. कमरेखालचं अंग बधिर झालं, तरी हात सुटले नाहीत. धैर्यशीलचं ओरडणं कधी रडण्यात बदललं ते त्याला कळलं. "मारू नगंस रं त्याला, बास कर, बाप हाय माजा!" असं तो त्या तिसऱ्या माणसाला म्हणत होता, हेही कळलं. मग काही कळेनासं झालं.

भुजंग जगला. एक मूत्रपिंड काढावं लागलं, मणक्यात पट्टी बसली, काठीशिवाय चालता येईना. मगदूम सर कितीतरी दिवस बेशुद्ध होते. उठले, शिकवू लागले, पण बोलताना मध्येच शब्द हरवतो आणि मग वर्गातलं कुणीतरी तो सुचवतं. सुगंधाला एका कानाने ऐकू येईनासं झालं.

पोलीस रुग्णालयात जबाब घ्यायला आले. कोण होते, ओळखता का? फौजदार तरुण होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याने भुजंगला पळवाटही दाखवली. तोंडं बांधलेली असतील ना, काका?

"न्हाई," भुजंग म्हणाला. "तोंडं उघडी हुती. पयलं नाव लिहा, धैर्यशील भुजंग शेलार. पाठवणाऱ्याचंबी नाव सांगतो. आन् सतरा वर्षामागं एका तलाठ्याचा पाय कुणी मोडायला लावला, तेबी लिहून घ्या. तवा मी बोललो न्हवतो."

अप्पा आत गेला. धैर्यशीलही गेला. त्याच्या वकिलाने बापाला शिव्या घातल्या, भावकीने वाळीत टाकलं. भुजंग ते ऐकून घेई.

सुगंधाला परिचारिकेच्या पदवीला प्रवेश मिळाला. पहिल्याच महिन्यात तिने प्रसूतिकक्षात बायकोवर हात उचलणाऱ्या एका नवऱ्याचं नाक फोडलं. चौकशी बसली. ती भुजंगला म्हणाली, "माज्यात त्ये बसलं, भाऊ. हात आधी जातो, मग मला कळतं. मुजावर मॅडम म्हणाल्या, इलाज न्हाई."

"वाईट वाटतं का?"

"रात्री वाटतं. पण कुणी काढून देतो म्हणालं तरी मी देणार न्हाई," ती म्हणाली, आणि ऐकू येणारा कान त्याच्याकडे करून बसली.

भुजंगमध्ये काय बसलं, ते पहिल्यांदा भूशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कळलं. कुणाच्या तरी हातून खडक फोडायचा हातोडा फरशीवर पडला. लोखंडाचा दाणकन आवाज झाला आणि पुढच्या क्षणी भुजंगने शेजारच्या पोक्त प्राध्यापकांना घट्ट मिठी मारली होती. हात आपोआप गेले होते. सोडायचे म्हटले तरी सुटेनात. वर्ग हसला. प्राध्यापक बिचारे कानकोंडे होऊन त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं आणि पडद्यावर शोधलं. भीती नव्हती, मारही नव्हता. हे आयुष्यभर असंच राहणार, एवढंच त्या म्हणाल्या.

धैर्यशीलने वर्षभर बापाला भेटायला नकार दिला. मग एकदा होकार आला.

नव्या तुरुंगात भेटीसाठी एक लांब खोली होती. टेबलं, खुर्च्या आणि कोपऱ्यात शिपाई. भुजंग काठी टेकत आत गेला. धैर्यशील उभा होता. वाळला होता, केस बारीक कापलेले.

"पाठ कशी हाय?" धैर्यशीलने विचारलं.

"दुखती थंडीत."

"मला वाटलं येणार न्हाई तुमी. वरीसभर मीच नको म्हणालो म्हणून..."

तेवढ्यात मागचा लोखंडी दरवाजा कुणीतरी धाडकन लावला.

भुजंगची काठी पडली आणि दोन्ही हात झेपावले. ते येताना धैर्यशीलने पाहिले मात्र, त्याचं कोपर डोक्यावर गेलं, गुडघे वाकले, मान खांद्यांत गेली. एवढा रांगडा गडी पाच वर्षांच्या पोराएवढा झाला आणि डोळे गच्च मिटून फटक्याची वाट बघत राहिला. भुजंगला ते दिसलं. असा तो कितीदा उभा राहिला असेल, आपण तेव्हा बघितलंच नाही.

हात त्याच्याभोवती मिटले. शिपाई धावत आला आणि जवळ येऊन थांबला.

बऱ्याच वेळाने कोपर खाली आलं. धैर्यशीलचा आवाज बापाच्या खांद्यातून दबून आला. "सोडा की, पप्पा. लोकं बघायला लागल्यात."

"सुटत न्हाईत, लेका," भुजंग म्हणाला. "जरा येळ लागतो."